विरजणाची वाटी

खूप जुन्या काळी, आज जिथं रस्ते आहेत तिथं नुसतं रान होतं अशा काळी, एका डोंगराच्या पठारावर गवळ्यांचं एक गाव होतं. त्या गावची ही गोष्ट. लहानांनी ती मजेत ऐकावी. मोठ्यांनीही ऐकावी, आणि मध्येच मान खाली घालावीशी वाटली तर खुशाल घालावी.

गावात दोन आळ्या होत्या, वरची आणि खालची. दोन्हींच्या मधून एक ओहोळ वाहायचा. घरोघरी म्हशी होत्या. दूध विरजायचं, दही घुसळायचं, लोणी कढवायचं आणि तूप डोंगराखालच्या बाजारात न्यायचं, यावर गाव जगत होतं.

या गावची एक रीत होती. कोणत्याही घराने आपल्या दुधाला आपलंच विरजण लावायचं नाही. दिवेलागणीला घरची बाई वाटी घेऊन शेजारी जायची, चमचाभर दही मागून आणायची आणि त्याने आपलं दूध विरजायची. तिच्या घरचं दही पलीकडची शेजारीण न्यायची. असं करत विरजण वरच्या आळीतून ओहोळ ओलांडून खालच्या आळीत उतरायचं, आणि खालच्या आळीच्या टोकाच्या घरातून पुन्हा वर चढायचं. कुणाची म्हैस आटली, कुणाला ताप आला, कुणाचा जावई रुसला, हे सगळं त्या वाटीबरोबर गावभर फिरायचं. "मागून आणलेलं दही गोड लागतं," एवढंच कारण बायका सांगत.

दुसरी रीत बाळांची होती. बाळाच्या ओठांना दह्याचं बोट लावल्याशिवाय त्याचं नाव ठेवत नसत. त्या दह्याला दूध आजोळच्या म्हशीचं आणि विरजण बापाच्या घरचं लागे. गावातलं एकही माणूस या दह्याशिवाय नाव घेऊन हिंडत नव्हतं.

राही ही वरच्या आळीतली लेक. तिचा बाप गोमाजी वरच्या आळीचा कारभारी होता. तिला दिली होती खालच्या आळीचा कारभारी लखबा याच्या मुलाला, खेमाला. गोमाजी आणि लखबा दोघं लहानपणापासूनचे मित्र. राहीची आई बयाबाई म्हणायची, "मी लेक दिली कुठं? पलीकडच्या पायरीवर ठेवलीय फक्त."

एकदा गावात एक बैरागी आला. ओहोळाकाठच्या उंबराखाली बसून त्याने ताक मागितलं. राहीने तांब्या भरून दिला. बैराग्याने तो एका दमात रिकामा केला.

"पोरी, इतकं गोड ताक! विरजण कुठलं?"

"शेजारचं."

"आणि शेजारणीकडे?"

"तिच्या शेजारचं."

"आणि सगळ्यांत पहिलं कुठून आलं?"

राही हसली. "ते मला काय ठाऊक, महाराज? मी आले तेव्हा होतंच."

बैरागीही हसला. भस्म झटकून उठला आणि डोंगर उतरून गेला. तो गेला, पण त्याचा प्रश्न उंबराखाली बसून राहिला.

गोमाजी आणि लखबा तिथंच होते. गोमाजी म्हणाला, "कुणीतरी पहिलं दही लावलंच असणार की. सुरुवातीशिवाय काही असतं का?"

लखबा म्हणाला, "अरे, दह्याशिवाय दही लागतं का कधी? पहिलं म्हणतोस त्यालाही विरजण लागलंच असेल. म्हणजे त्याच्या आधी दही होतंच. ते कायमचंच आहे."

"मग हे जगही कायमचंच म्हण!"

"म्हणतोच. जगाला सुरुवात नाही, म्हणून शेवटही नाही."

"आणि मी सांगतो, दोन्ही आहेत. ज्याने पेटवलं तो विझवणार."

आधी गंमत म्हणून बोलणं चाललं होतं. पुढे आवाज चढले. दुसऱ्या दिवशी वरची आळी गोमाजीच्या मागे बसली आणि खालची लखबाच्या. चार दिवसांनी ते समोरासमोर बसेनासे झाले. आणि एका सकाळी ओहोळाच्या काठाने बोरीच्या काट्यांचं लांबच लांब कुंपण उभं राहिलं. ते कुणी घातलं, हे विचारलं तर दोन्ही आळ्या एकमेकींकडे बोट दाखवत. घातलं होतं दोघींनी मिळून. त्या दिवसांत त्यांनी मिळून केलेलं तेवढं एकच काम.

"आपला मुद्दा कबूल करीपर्यंत त्यांच्या माणसाशी बोलायचं नाही आणि त्यांचं विरजण घ्यायचं नाही," असं दोन्हीकडे ठरलं.

राहीला तेव्हा दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. लखबा म्हणाला, "जायचं तर जा. पण तिकडे गेलीस की तिकडचं म्हणणं तुझं झालं. मग परत यायचं नाही." गोमाजीने तिकडून निरोप धाडला, "लेकीने आधी म्हणावं, जगाला सुरुवात आहे. मग दार उघडंच आहे."

राहीला जगाचं काही सांगता येत नव्हतं. तिला आईजवळ जायचं होतं.

बाळंतपण सासरीच करायचं ठरलं. पण ओहोळ तर दोन्ही आळ्यांचा होता, आणि म्हशींना पाणी पाजायला दोन्हीकडच्या बायका येतच. एके दिवशी राही आपली म्हैस घेऊन गेली, तर कुंपणापलीकडे बयाबाई आपली म्हैस धुवत उभी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. बोलायची बंदी होती. पण म्हशीशी बोलायची बंदी कुणी घातली नव्हती.

बयाबाई म्हशीच्या पाठीवर हात फिरवत मोठ्याने म्हणाली, "काय गं बाई, बरी आहेस ना? नीट खातेस ना?"

राहीने आपल्या म्हशीला उत्तर दिलं, "खाते हो. सकाळी जरा मळमळतं."

"मग सकाळी सकाळी पेंड खाऊ नये. लिंबू चाटावं."

"कमरही दुखते."

"दुखणारच. पहिलटकरीण आहेस. कुणाला तरी तेल लावायला सांग. सासू लावत नाही का तुझी?"

राहीची सासू मागेच उभी होती. ती कडक बाई. तिनेही मग आपल्या म्हशीच्या कानात ओरडून सांगितलं, "लावते म्हणावं! रोज लावते! उगाच काळजी करू नये!"

म्हशी पाणी पीत राहिल्या. त्यांना हे काही नवीन नव्हतं. माणसं त्यांच्याशी नेहमीच काहीबाही बोलत.

आळ्यांमध्ये मात्र वेगळंच चाललं होतं. गोमाजीने ठरवलं की सुरुवात असते हे करूनच दाखवायचं. "घरातलं सगळं दही ओतून टाका. मडकी राखेने घासा, उकळत्या पाण्याने धुवा. जुन्याचा कणही राहता कामा नये. मग कोऱ्या मडक्यात नुसतं दूध ठेवू. सुरुवात जशी पहिल्यांदा झाली तशी पुन्हा होईल." सगळ्या वरच्या आळीने दही ओतलं आणि मडकी घासली. पण घासलेल्या मडक्यांत दही काही लागेना. दूध नासलं, त्याला वास सुटला आणि ते कुत्र्यांनीही हुंगून सोडलं. गोमाजी रोज नवं दूध ठेवी आणि रोज म्हणे, "उद्या होईल."

खालच्या आळीत लखबाने वेगळंच काढलं होतं. "कायमचं दही कोणतं? जे कधी बाहेरून आलं नाही ते. इथं कुणाच्या मडक्यात वरच्या आळीचा अंश असेल कोण जाणे. आजपासून सगळ्यांनी माझ्याच घरचं विरजण न्यायचं. आणि माझ्या घरी माझंच." शेजारचं विरजण बंद झालं. एकाच घरचं दही स्वतःलाच लागत राहिलं. आधी ते आंबट झालं. मग त्याला तार सुटू लागली, आणि शेवटी त्यावर निळी बुरशी धरली. सगळ्या आळीत तेच दही गेलेलं, त्यामुळे सगळीकडचं एकदमच गेलं.

दोन्ही आळ्यांनी आपापली फजिती दडवून ठेवली. "आमचं झकास चाललंय," असं दोघीही कुंपणाकडे तोंड करून म्हणत. इकडे तुपाच्या बुधल्या रिकाम्या पडल्या, आणि बाजाराच्या दिवशी गावातलं कुणी डोंगर उतरेना.

अशा दिवसांत राही बाळंत झाली.

पाणवठ्यावर त्या दिवशी तिची सासू एकटीच आली. पलीकडे बयाबाई डोळे लावून बसलेली. सासूने म्हशीच्या शिंगाला धरून सांगितलं, "झाली बरं का मोकळी. पारडी आहे. काळी सावळी, पण नाक अगदी आजोळचं."

पारडी म्हणजे म्हशीची लेक. बयाबाई समजली, आणि घरी आली ती डोळ्यांना पदर लावूनच. गोमाजी मडक्यापाशी बसला होता. "काय झालं गं?"

"लखबाच्या म्हशीला पारडी झाली."

"मग त्यात रडायचं काय?"

 बयाबाईने चुलीत लाकूड सारलं.

नाव ठेवायचा दिवस आला आणि गेला. आजोळचं दूध कुंपणापलीकडे, आणि बापाच्या घरचं विरजण बुरशी धरून उकिरड्यावर. राहीची मुलगी बिननावाची राहिली. सासू तिला "ए बये" म्हणे, खेमा "ए चिमणे" म्हणे, शेजारणी "ती खेमाची" म्हणत. राही मांडीवर घेऊन तिच्याकडे पाही, आणि तिच्या मनात येई, ही मोठी होईल, हिला हाक मारायची तर काय म्हणून मारायची? जगाला सुरुवात असेल किंवा नसेल. माझ्या लेकीची सुरुवात झालीय, आणि ती दारातच अडकून पडलीय.

एके सकाळी तिने मुलीला दुपट्यात गुंडाळलं आणि ती उंबऱ्याबाहेर पडली.

लखबा ओसरीवर होता. "कुठं निघालीस?"

"दूध मागायला, मामंजी. आजोळचं."

"आणि विरजण?"

"ते तुम्हालाच विचारणार होते. आपलं तर कायमचं होतं ना?"

 लखबा चिडून म्हणाला, "ठरलेलं ठाऊक आहे ना? गेलीस तर परत—"

त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत राहीची सासू कोयता घेऊन बाहेर आली. "परत येईल. मी सोबत चाललेय, मला यावंच लागेल परत. तुमची भाकरी कोण भाजणार?" आणि ती ओहोळाच्या दिशेने तरातरा निघाली.

कुंपणापाशी येऊन तिने काटे तोडायला सुरुवात केली. आवाज ऐकून दोन्ही आळ्यांतली माणसं जमली. कुणी अडवलं नाही, कुणी मदतही केली नाही. सगळे बघत राहिले. खेमा धावत आला आणि त्याने आईच्या हातातला कोयता घेतला. थोड्या वेळाने मागून लखबाही आला. "बघू तरी काय तमाशा करतात," असं म्हणत तो आला, पण तोडलेले काटे बाजूला ओढायला त्यानेच हात लावला. नातीच्या अंगाला लागले असते.

राही बापाच्या दारात उभी राहिली. गोमाजीने लेकीकडे पाहिलं, मग दुपट्याकडे. त्याचा ताठा अजून गेला नव्हता.

"आलीस ते बरं केलंस. नातवाचं नाव मी ठरवून ठेवलंय. आदिनाथ. सुरुवातीचा मालक."

मागून लखबा गरजला, "काही नाही! त्याच्यापेक्षा अनंत ठेवा!" मग त्याचं त्यालाच काहीतरी आठवलं आणि तो खाली बघू लागला.

राही म्हणाली, "बा, मुलगी आहे."

 गोमाजीने वळून बायकोकडे पाहिलं. "पारडी..." तो पुटपुटला. "ती पारडी ही होती?"

बयाबाईने मान हलवली.

गोमाजी ओट्यावर खाली बसला. त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर त्याची नात जन्मली होती, आणि ती मुलगा की मुलगी हेही त्याला माहीत नव्हतं. सगळ्या जगाचा जन्म कसा झाला, हे मात्र तो महिनोन् महिने गावाला समजावून सांगत होता.

मग तो म्हणाला, "दूध आहे पोरी, हवं तेवढं घे. पण दही लागायचं नाही. आमच्याकडे विरजण नाही." हे त्याने पहिल्यांदाच कबूल केलं.

लखबा हळूच म्हणाला, "आमच्याकडेही उरलं नाही रे गोमा."

 अंगणातली म्हातारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. गावात विरजण नाही, असं कुणाच्याही आठवणीत कधी झालं नव्हतं. दही नाही म्हणजे तूप नाही, तूप नाही म्हणजे धान्य नाही. आणि यापुढे कोणत्याच बाळाला नाव नाही.

तेवढ्यात बयाबाई आत गेली. तिने माळ्यावरून एक मडकं काढलं. काळं, जुनं, काठाला टवका उडालेलं. ते पालथं घालून ठेवलं होतं.

"हे माझ्या आईचं," ती नवऱ्याला म्हणाली. "तिच्या आईचंही असेल. तुम्ही सगळी मडकी घासायला सांगितलीत. याला राख लावायला माझा हात धजेना. दही ओतलं, पण धुतलं नाही. आयुष्यभर यात गावचं दही लागलंय, राहीच्या सासरचंही. मातीत मुरलेलं कुठं जातं?"

गोमाजी रागावला नाही. त्याने स्वतः म्हशीची धार काढली. दूध कोमट करून मडक्यात ओतलं, वर ताट झाकलं आणि मडकं अंगणाच्या मधोमध ठेवलं. कुणाचाच कुणावर विश्वास नव्हता, म्हणून दोन्ही आळ्या राखणीला मडक्याभोवती बसल्या. बसून बसून करतात काय? एकीने दुसरीला विचारलं, "तुझ्या आत्याचा गुडघा कसा आहे?" दुसरीने सांगितलं. मग तिसरीने काहीतरी विचारलं. महिनोन् महिने फिरायच्या राहिलेल्या सगळ्या बातम्या त्या अंगणात फिरल्या.

सकाळी ताट काढलं. दही लागलं होतं. जरा विरळ होतं, पण गोड वासाचं, पांढरंशुभ्र.

"लागलं!" वरच्या आळीतला एकजण ओरडला. "विरजणाशिवाय लागलं! बघा, सुरुवात असते!"

"कसली सुरुवात?" खालच्या आळीतून उत्तर आलं. "मडक्यात जुनं मुरलेलंच होतं! बघा, सुरुवात नसते!"

झालं. पुन्हा हात वर झाले, पुन्हा आवाज चढले. गोमाजी आणि लखबा मात्र त्यात पडले नाहीत.

राही उठून उभी राहिली. ती चारचौघांत बोलणारी नव्हती. तिचा आवाज लहान होता, म्हणून लोकांना गप्प व्हावं लागलं.

"मला जगाची सुरुवात ठाऊक नाही," ती म्हणाली. "शेवट होईल की नाही, तेही ठाऊक नाही. तुम्ही शहाणी माणसं, तुम्ही शोधा. पण शेवट कसा दिसतो, ते मी पाहिलंय. पालथी मडकी, काट्याचं कुंपण, आणि म्हशींशी बोलणारी माणसं. जगाला शेवट असेल तर असा असेल. आणि तो वरून कुणी धाडला नव्हता. आपणच आणला होता."

मग तिने वाटी घेतली आणि दोन्ही आजोबांकडे वळली. "मला एवढंच सांगा, आज दिवेलागणीला यातलं विरजण कोणकोण नेणार?"

लखबा पुढे झाला. जन्मात कधी त्याने विरजणाची वाटी हातात धरली नव्हती, ते बायकांचं काम. त्याने दोन्ही हात पुढे केले. "खालच्या आळीचं मी नेतो. गोमा, देतोस?"

"देतो की. उद्या तुझ्याकडचं मीच न्यायला येईन."

राहीच्या सासूने त्या दह्यात बोट बुडवलं आणि नातीच्या ओठांना लावलं. मुलीने तोंड वाकडं केलं, मग जीभ बाहेर काढून आणखी मागितलं. सगळं अंगण हसलं. बयाबाईने तिच्या कानात नाव सांगितलं. मैना. त्यात कुणाचा मुद्दा नव्हता. बयाबाईला आवडलं म्हणून ठेवलं.

काट्याचं कुंपण त्या थंडीत मैनेच्या अंघोळीचं पाणी तापवायला पुरलं.

त्या गावात वाद बंद झाला असं मात्र समजू नका. उंबराखाली तो रोज चाले, आणि गोमाजी अन् लखबा म्हातारे होईपर्यंत चालला. फक्त गावाने एक नवी रीत पाडली. वादाला येणाऱ्याने आपल्या हातात विरजणाची वाटी घेऊन यायचं, आणि उठताना ती समोरच्याला द्यायची. एका हातात दही असलं की दुसरा हात फार वर जात नाही.

खूप वर्षांनी तो बैरागी पुन्हा आला. दाढी पांढरी झाली होती. त्याच उंबराखाली त्याने ताक मागितलं, आणि मैनेने आणून दिलं.

गोमाजी काठी टेकत त्याच्यापाशी गेला. "महाराज, आता तुम्हीच सांगा. पहिलं विरजण कुठून आलं?"

बैरागी आश्चर्याने म्हणाला, "मला काय ठाऊक, बाबा? मी सहज विचारलं होतं!" आणि मैनेकडे वळून त्याने विचारलं, "तुला ठाऊक आहे का गं?"

"नाही," मैना म्हणाली. "आजोबांना सापडलं की मला सांगणार आहेत. पण उद्याचं कुठून येणार ते ठाऊक आहे."

"कुठून?"

मैनेने हातातली वाटी दाखवली. दिवे लागायची वेळ झाली होती आणि तिला शेजारी जायचं होतं.

या गोष्टीचं सांगणं एवढंच: जगाची सुरुवात आणि शेवट जरूर शोधत राहावा, पण आपल्याला मिळालेलं पुढच्याच्या हाती द्यायला एकही संध्याकाळ चुकू नये.